नाही म्हणालास तरी चालेल

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. विनायककाका, ताईंचे यजमान म्हणून तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. माझ्या आधी जे बोलले ते शिकलेले, सभेत बोलायची सवय असलेले. मी अर्नाळ्याचा जगदीश. जाळी विणतो, फाटलेली दुरुस्त करतो. आमच्याकडे बोलायचं म्हणजे वाऱ्याच्या वर आवाज काढायचा. असं माइकसमोर हळू बोलणं मला जड जातं. त्यात ताईंचा फोटो इथे शेजारी, हार घातलेला. 

गेल्या गुरुवारी सकाळी ताई गेल्या. मला ते पेशंट लोकांच्या ग्रुपवर समजलं. तेव्हापासून एक गोष्ट घशात अडकून बसलीय, काटा अडकावा तशी. भाताचा घास गिळून ती जाणार नाही. ती आज बाहेर काढायची आहे. म्हणून पाच मिनिटांची दहा होतील. काका, मधेच तुम्हाला माझा राग येईल. आला तरी मला खाली बसवू नका. पुरतं बोलू द्या. मग जे म्हणायचं ते म्हणा.

हा माइक मी उजव्या हातात धरलाय, बघा. पाच वर्षांपूर्वी या हाताला साधा चमचा धरता येत नव्हता.

तेव्हा झालं असं. किनाऱ्यावर बांबूंवर आमचे बोंबील सुकत घातले होते. अचानक वारं सुटलं. मी बोंबील काढायला धावलो आणि शेडचा एक पत्रा सुटून आला. मी हात आडवा धरला. पत्र्याने मनगटाच्या चार बोटं वर हात कापला. रक्त किती गेलं ते माझ्या दादाला विचारा, तो मागे बसलाय, त्यानेच टॉवेल आवळून मला रिक्षात घातलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. हाताच्या दोन मोठ्या नसा तुटल्या होत्या. एक अंगठ्याकडे जाणारी, एक करंगळीकडे जाणारी. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही जोडल्या. साहेब, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलात, मी बघितलंय. तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. तुम्ही आलात ते बरं झालं. आज जे सांगायचंय, ते अर्धं तुम्हालाच सांगायचंय.

मग फिजिओथेरपीसाठी मला शुभदाताईंकडे पाठवलं. वसईत पश्चिमेला सोसायटीच्या तळमजल्यावर ती खोली. इथल्या निम्म्या माणसांनी ती बघितलीय. एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीला शिडी, आणि तांदळाने भरलेलं ते घमेलं. तांदळात हात खुपसून आतलं बटण शोधायचं, नाणं शोधायचं. मी पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, नस जोडली ना? मग हात हलत का नाही?" त्या म्हणाल्या, "जोडली म्हणजे नुसती नळी जोडली. आतली तार तुटल्या जागेपासून पुढे सुकून गेलीय. आता वरून नवीन तार फुटणार आणि त्याच नळीतून वाढत बोटापर्यंत जाणार. रोज एक मिलिमीटर."

मी म्हटलं, "एक मिलिमीटर? म्हणजे बोटांपर्यंत जायला किती दिवस?"

"सात-आठ महिने. पण जगदीश, घाई तारेला नाही, घाई आपल्याला आहे. तळव्यातले स्नायू वाट बघत असतात. ते कायम वाट बघत नाहीत. दीड वर्षाच्या आत तार पोचली पाहिजे. नंतर पोचली तरी उपयोग नसतो. घरात माणूसच उरलेलं नसतं."

दीड वर्ष. माझं सगळं पोट या हातावर. अंगठा आणि दोन बोटं सुई चालवतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जाळं ताणून धरतात. जाळं ताणलेलं नसेल तर गाठ बसत नाही. म्हणजे मला दोन्ही नसा हव्या होत्या.

तार कुठवर आली ते ताई टिचकी मारून बघायच्या. तुम्हाला माहीतच आहे. डोळे मिटायला लावायच्या आणि वरून खाली नसेवर टिचक्या मारत यायच्या. जिथे टिचकी मारल्यावर बोटात मुंग्या येतील, तिथपर्यंत तार आली असं समजायचं. मग टेपने मोजायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या आळीत त्यांचं नावच टिचकीबाई पडलं होतं. मी वसईहून बसने परत आलो की ओट्यावरची माणसं विचारायची, "जग्या, टिचकी कुठवर आली?" मी बोट ठेवून दाखवायचो. पोरं, म्हाताऱ्या, सगळे हात बघायला यायचे. पहिले तीन महिने दोन्ही नसा खाली सरकत होत्या. ताई खुश, मी खुश.

आणि मग मी मूर्खपणा केला. एकट्याने केला नाही, पण हात माझा होता.

आमची होडी चार दिवसांनी परत आली होती. खणात मासळी बर्फात दाबलेली. ती हाताने काढायची असते. दोन मिनिटांत हात असा कळवळतो की माणूस शिव्या देतो, हात काखेत घालतो, पुन्हा बर्फात घालतो. दादा काढत होता. माझी आई काठावर उभी. ती म्हणाली, "आरं, जग्याला उतरव की. त्याच्या हाताला थंडी नाय लागत, काय नाय लागत. देवाने दिलाय तसा वापरा." सगळे हसले. मीपण हसलो. काका, तीन महिने मी घरात बसून होतो. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हा हात कामाचा आहे. मी उतरलो. तासभर उजव्या हाताने बर्फ उपसला. पापलेट, सुरमई, जे येईल ते वर फेकत होतो. एकदाही थांबलो नाही. माणसं म्हणाली, वा रे पठ्ठ्या.

दुसऱ्या दिवशी बोटांवर हे एवढे फोड आले.

ताईंनी हात बघितला. मी त्यांना तसं ओरडताना कधी बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दुखत नाही म्हणून घातलास? दुखणं हे राखणदार असतं रे! तुझा राखणदार गेलाय, आणि तू दार उघडं टाकून बर्फात उतरलास! आता नस थांबली ना, तर परत येणार नाही. मग माझ्याकडे येऊ नकोस!"

फोड बरे झाले. पंधरा दिवसांनी पुन्हा टिचकी. अंगठ्याकडची नस पुढे सरकली होती. करंगळीकडची तिथेच होती. मला ते लगेच समजलं, कारण नेहमीच्या जागेच्या खाली ताईंनी टिचकी मारली आणि काही झालं नाही. काहीच नाही. लाकडावर मारल्यासारखं.

ताईंनी विचारलं, "मुंग्या आल्या?"

मी डोळे मिटून पडलो होतो. मला बर्फ दिसला. मला ते शब्द ऐकू आले, नस थांबली तर परत येणार नाही. मला वाटलं, मी स्वतःच्या हाताने स्वतःचा हात मारला. मी म्हणालो, "आल्या."

ताईंनी लिहिलं.

एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळी काय म्हणणार? मी घरी बायकोच्या शिवणाच्या टेपने हात मोजायचो. पंधरा दिवसांचे पंधरा मिलिमीटर. पापण्यांच्या फटीतून बघायचो, टिचकी कुठे पडते ते. बरोबर जागा आली की म्हणायचो, आल्या मुंग्या. असं तीन महिने. डॉक्टरसाहेब, तुम्ही ती वही दर महिन्याला बघायचात आणि म्हणायचात, छान, वाट बघू. ती सगळी नोंद खोटी होती. मिलिमीटर मिलिमीटर मी रचलेली.

तुम्ही म्हणाल, असं कुणी करतं का? स्वतःच्याच हाताशी? मी रोज सकाळी उठून करंगळीला चिमटा काढायचो. काही नाही. तरी वाटायचं, उद्या सरकेल. मी सांगितलं नाही तर थांबलेली आहे हे खरं होणार नाही. असं वाटायचं. आळीत विचारलं तरी तेच सांगायचो. आई देवाला नारळ फोडून आली. त्या नारळाचं खोबरं मला गिळवत नव्हतं.

सातव्या महिन्यात एके दिवशी ताईंनी टिचकी मारली नाही. घमेल्यात तांदळाऐवजी कोमट पाणी होतं. म्हणाल्या, "दोन्ही हात बुडव." समोर बसून त्यांनी स्वतःचेही हात त्यात बुडवले. अर्धा तास आम्ही बोललो. त्यांनी मला बोंबलाचं कालवण विचारलं, आई चिंच घालते की कोकम, ते विचारलं. मी सांगत होतो. मग म्हणाल्या, "काढ हात. टॉवेलवर ठेव."

त्यांची दहा बोटं सुरकुतलेली. माझ्या डाव्या हाताची पाच बोटं सुरकुतलेली. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं, थोडी का होईना, सुरकुतलेली. करंगळी आणि शेजारचं बोट गुळगुळीत. मेणाची असावीत तशी.

ताई म्हणाल्या, "जगदीश, पाण्यात बोट सुरकुततं ते नसेमुळे. नस पोचली नसेल तर बोट असंच राहतं. तू मागच्या वेळी म्हणालास, करंगळीत मुंग्या येतात." आवाज अगदी हळू होता. "हे मी आधी करायला हवं होतं. मी तुझ्या तोंडावर विश्वास ठेवला."

मी कोळी आहे. जन्म माझा पाण्यात गेला. सात महिने रोज हा हात पाण्यात बुडत होता आणि माझी करंगळी एकदाही सुरकुतली नाही, हे मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं. मी तिथे लहान मुलासारखा रडलो. सगळं सांगितलं. बर्फापासून टेपपर्यंत.

त्या रागावल्या नाहीत. पर्स घेतली आणि म्हणाल्या, "चल. दीड वर्षातले अकरा महिने शिल्लक आहेत. आजच जायचं."

आता काका, तुम्ही ऐका. हे तुम्हाला माहीत नाही.

हॉस्पिटलात साहेबांनी तपासलं. मग ताईंची वही उघडली. आजूबाजूला शिकाऊ डॉक्टर उभे होते. साहेब, तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते मी उच्चारतो, मला माफ करा. तुम्ही म्हणालात, "बाई, या नोंदी बघून मी तीन महिने थांबलो. टाक्यापाशी गाठ आलीय, चार तारा पुढे गेल्या आणि बाकीच्या तिथेच अडकल्या. हे तेव्हाच समजायला हवं होतं. तुम्हाला साधी टिचकी मारता येत नाही का?"

मी तिथेच उभा होतो. माझ्या आणि ताईंच्या मध्ये एक हाताचं अंतर. मला तोंड उघडायचं होतं. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नोंद माझी आहे. चूक माझी."

आणि मी गप्प राहिलो.

तीनच शब्द होते, "मी खोटं बोललो." ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मला वाटलं, खरं समजलं तर हे माझं ऑपरेशन करणार नाहीत. म्हणतील, असल्या माणसावर मेहनत कशाला. म्हणून गप्प राहिलो.

दुसरं ऑपरेशन झालं. खराब तुकडा काढून पायातल्या नसेचा तुकडा तिथे घातला. परत येताना मी ताईंना विचारलं, "तुम्ही का सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या, "पेशंटला खोटं बोलावंसं वाटलं, तर विचारणाऱ्याचंही काहीतरी चुकलेलं असतं. बर्फाच्या दिवशी मी तुला घाबरवलं. बर्फाने तुझी नस थांबली नव्हती, ती आधीच अडकत होती. मी रागाच्या भरात बोलले. तू घाबरलास, म्हणून नाही म्हणू शकला नाहीस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हात आला की साहेबांना तूच सांग. आता नको. आता हात."

त्यानंतर टिचकी मारताना त्या एक वाक्य जास्त बोलायला लागल्या. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. भुईगावच्या मार्थाबाई, तुम्हाला पॅरालिसिसनंतर त्या म्हणायच्या. सगळ्यांना म्हणायच्या. डोळे मिट. कळलं तर सांग. नाही म्हणालास तरी चालेल.

तुम्हाला वाटत असेल, ताईंचा स्वभावच तसा मऊ. स्वभाव मऊ होता, खरं आहे. पण ते वाक्य माझ्यामुळे आलंय. माझ्या तीन महिन्यांच्या खोट्यातून आलंय.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोठ्या हॉस्पिटलातून ताईंकडे पेशंट येणं थांबलं. वसई-विरारात बोललं जायला लागलं, टिचकीबाईंच्या नोंदी कच्च्या आहेत. काही जण दुसरीकडे गेले. मी जायचो तेव्हा कधी कधी दोन्ही खुर्च्या रिकाम्या असायच्या. ताई मला जास्त वेळ द्यायच्या. मला अपराधी वाटायला हवं होतं ना? वाटायचं. आणि बरंही वाटायचं, आज सगळा वेळ माझा. असा माणूस मी आहे. ऐकून घ्या.

ते दिवस कसे गेले काय सांगू. नवव्या, दहाव्या महिन्यात टिचकी तुकड्याच्या वरच घुटमळत होती. तेराव्यात मनगटाच्या खाली आली. स्नायू उरलेत की नाहीत, कुणालाच सांगता येत नव्हतं. ताई दर वेळी विचारायच्या आणि मी खरं सांगायचो. नाही. नाही. नाही. एवढ्या वेळा नाही म्हणालो मी. प्रत्येक नाही त्या लिहून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं सांगितलंस."

सोळाव्या महिन्यात मी ओट्यावर जाळं घेऊन बसलो होतो. सवयीने. एक टोक करंगळीत अडकवलं की ते गळून पडायचं, मग मी दाताने धरायचो. त्या दिवशी ते पडलं नाही. मी बघत राहिलो. जाळं ताणलेलं होतं. आई समोर मासळी निवडत होती, ती म्हणाली, "जग्या, कोन धरतंय रे ते?" मी म्हटलं, "मीच धरतोय, आई."

तसाच जाळं खांद्यावर टाकून वसईला गेलो. ताईंच्या खोलीत जाळं अंथरलं आणि ताणून दाखवलं. त्यांनी जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. जोरात. मी सोडलं नाही. मग त्या हसल्या आणि डोळे पुसले. म्हणाल्या, "आता साहेबांकडे कधी जातोस?"

जातो, म्हटलं.

गेलो नाही. त्याला साडेतीन वर्षं झाली. हात आला, काम सुरू झालं, होडी निघाली, सणवार आले. कारणं काय, मिळतात. दोन महिन्यांपूर्वी ताई विरारच्या बाजारात भेटल्या. हातात हात घेतला, करंगळी दाबून बघितली आणि विचारलं, "गेलास का?" मी म्हटलं, "या महिन्यात नक्की, ताई." त्या म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, वेळ आहे. ज्या बाईंनी मला शिकवलं की वेळ संपते, त्यांच्याबद्दलच मला वाटलं, वेळ आहे.

म्हणून साहेब, आज सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो, कारण त्यांना बोल सगळ्यांसमोर लागला होता. शुभदाताईंची एकही नोंद कच्ची नव्हती. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. खोटं मी बोललो. तीन महिने मी बोललो, आणि त्यानंतर चार वर्षं गप्प बसून बोललो. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं असेल, ज्यांनी पुढे कुणाला सांगितलं असेल, त्यांनी हेही सांगा. अर्नाळ्याच्या जग्याने सांगितलं म्हणून सांगा.

काका, तुमच्या घरात त्या दिवसांत काय झालं असेल, त्या घरी येऊन काय बोलल्या असतील, की काहीच बोलल्या नसतील, मला माहीत नाही. मी माफी मागतो. माफ करायलाच हवं असं काही नाही.

आता शेवटचं. आपण उभं राहून ताईंसाठी शांत राहणार आहोत. माझी एक विनंती आहे. त्या सांगायच्या तसे डोळे मिटा. पापण्यांची फट ठेवू नका, मी ठेवायचो. आणि मनात जे खरं असेल तेच त्यांना सांगा. त्या लिहून घेतील.

मी हा हात इथे फोटोपाशी ठेवतो. ताई, अंगठा कळतोय. पहिलं बोट कळतंय. मधलं कळतंय. त्याच्या शेजारचं थोडं उशिरा, पण कळतंय.

करंगळीचं टोक नाही, ताई. अजून नाही कळत.

उभे राहूया.